काकांची दुनाली आणि आपलं भांडण

लश्कर, ग्वाल्हेर
रविवार, रात्री

प्रिय सुहास,

परवा फोनवर मी तुला ‘गोऱ्यांचा वकील’ म्हणालो आणि फोन आपटला. ते शब्द मागे घेतो. मुद्दा मात्र घशात अडकलाय, म्हणून हे पत्र. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, कागदावर तुला ते जमायचं नाही.

आधी माझी चूक. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, केनोशा गावी, रस्त्यावर दोघांना गोळ्या घालून मारणारा तो गोरा पोरगा रिटनहाऊस कोर्टातून सुटला ते सगळं नाटक होतं, असं मी म्हणालो. मग बसून वाचलं. विस्कॉन्सिनात स्वसंरक्षणाचा मुद्दा उभा राहिला की तो खोटा असल्याचं सरकारी पक्षालाच निःसंशय सिद्ध करावं लागतं. ज्युरीपुढे प्रश्न होता तो गोळ्या सुटल्या तेवढ्याच क्षणांचा. १७ वर्षांच्या पोराने रायफल बाळगल्याचा आरोप तर तिची नळी कायद्यातल्या बंदीइतकी आखूड नाही म्हणून न्यायाधीशांनी आधीच रद्द केला. तेव्हा १९ नोव्हेंबर २०२१चा निकाल कायद्याला धरून होता. तू जिंकलास, पेढे वाट.

पण ती रात्र त्या क्षणांत सुरू झाली नव्हती ना? तू तर तिथून तासाभरावर राहतोस. २३ ऑगस्ट २०२०ला केनोशात पोलिसाने एका पाठमोऱ्या कृष्णवर्णीय माणसावर सात गोळ्या झाडल्या आणि गाव पेटलं. २५च्या रात्री दुकानं राखायला म्हणून माणसं बंदुका घेऊन उतरली, त्यांत हा पोरगाही. पोलिसांनी चिलखती गाडीतून त्यांना पाण्याच्या बाटल्या दिल्या, वर आभारही मानले. दोघं मेले. तिसरा जखमी झाला, त्याच्याही हातात पिस्तूल होतं. त्याने कोर्टात सांगितलं की हा पोरगा दिसेल त्याला गोळ्या घालतोय असं मला वाटलं. म्हणजे तो आणि पोरगा, दोघंही आपापल्या मते जीवच वाचवत होते! नंतर पोरगा गळ्यात रायफल, हात वर, असा पोलिसांकडे चालत गेला, तर गाड्या त्याच्या शेजारून पुढे निघून गेल्या. हा गोळ्या घालणारा असेल, हे त्यांच्या मनातच आलं नाही.

मी अडकलो तो इथे. आणि सुहास, याला कारण आपलं गाव आहे.

आबाकाकांची दुनाली, ती दोन नळ्यांची बंदूक, आठवते? निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करायची. काकूच्या जुन्या नऊवारीत गुंडाळलेली, स्कूटरवर मागे बसून मी ती गुडघ्यांत उभी धरायचो. मुन्शीजी नंबर ताडून पावती द्यायचे. पावती देव्हाऱ्यात, ताम्हनाखाली. काकू म्हणायची, ‘ती गेली की घर कसं मोकळं वाटतं!’ काका मात्र निकाल लागेपर्यंत अस्वस्थ.

२ एप्रिल २०१८. अत्याचारविरोधी कायद्यावरच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाविरुद्ध दलित संघटनांचा भारत बंद. आपल्याच शहरातल्या थाटीपुरात गोळीबार झाल्याची बातमी आली आणि काकांनी कपाटाची किल्ली काढली. आमच्या गल्लीत कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. इंटरनेट बंद झालं, कर्फ्यू लागला, शहरात माणसं मेली. पुढे तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, भर रस्त्यात पिस्तूल रोखून गोळ्या झाडणारा माणूस. शेजारचे म्हणाले, ‘चला, कुणीतरी उभं तरी राहिलं.’ खरं सांगतो, पहिल्या क्षणी मलाही तेच वाटलं. का, तर मोर्च्यातली माणसं आपली नव्हती आणि पिस्तूलवाला आपल्यातला वाटला. ती पाण्याची बाटली मीही दिली असती रे. आजवर हे कुणाला सांगितलं नव्हतं.

आपल्या कायद्यात एक बरं आहे. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर खासगी बचावाचा हक्क नाही. पूर्वी दंडविधानातलं ९९वं कलम, आता भारतीय न्याय संहितेत ३७वं. पण ज्याचं पोलीस ऐकतच नाहीत, त्याने तो वेळ कुठे घालवायचा? याचं उत्तर माझ्यापाशी नाही, तू विचार करून ठेव.

काका गेल्यापासून दुनाली ठाण्यातच आहे. दादा म्हणतो लायसन्स तुझ्या नावावर करून घे, काकू म्हणते विकून टाका. फॉर्म आणलाय, तो देव्हाऱ्यात त्या पावतीखाली पडलाय. डिसेंबरात येशील तेव्हा बघू. येताना माझ्यासाठी चॉकलेटं आणू नकोस, साखर वाढलीय.

तुझा,
बंडू