रोज जवळ बाळगायच्या पिस्तुलाविषयी मित्रास पत्र

केटी, टेक्सास

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. औषधांचे दुकान रात्री बंद करून गल्ल्याची पिशवी घेऊन तुला एकट्याने गाडीपर्यंत जावे लागते, आणि म्हणून पिस्तूल घेण्याचा निर्णय तू व वहिनींनी मिळून केला आहे, हे त्यातून कळले. घ्यावे की नाही, यावर मी आता काही बोलत नाही. कोणते घ्यावे एवढेच तू विचारले आहेस आणि तुझ्या जिवाशी निगडित प्रश्न असल्यामुळे त्याचे उत्तर घाईने देणे मला बरे वाटत नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

बंदुकांच्या दुकानात काउंटरवर हातात घेताच आवडावे असे पिस्तूल आणि प्रत्येक वेळी चाप ओढल्यावर न अडखळता चालावे असे पिस्तूल, ही दोन बहुधा वेगळी निघतात. तुला दुसरे हवे आहे. ते का अडखळते हे एकदा नीट समजून घेतलेस, तर निवड करणे पुष्कळ सोपे होईल.

गोळी सुटली की तिच्या धक्क्याने वरची स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे जाते. जाता जाता तिच्यावरचा छोटा आकडा रिकामे टरफल चेंबरमधून, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेतून, ओढून काढतो आणि ते बाजूला फेकले जाते. मग स्प्रिंगच्या जोराने स्लाइड पुढे येते, मॅगझिनमधले, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीतले, सर्वांत वरचे काडतूस ढकलत नेते आणि चेंबरमध्ये बसवते. डोळ्याचे पाते लवायच्या आत हे सारे पार पडते आणि यांतली एक पायरी जरी चुकली तरी पिस्तूल बंद पडते. मनगट सैल राहिले तर स्लाइडबरोबर खालचा सांगाडाही मागे सरकतो, स्लाइडला पुरता प्रवास मिळत नाही आणि टरफल बाहेर पडता पडता तिच्या तोंडात उभे अडकते. मॅगझिनची स्प्रिंग थकलेली असेल, तर नवे काडतूस वेळेवर वर येत नाही. थोडक्यात, भरवसा पिस्तूल, मॅगझिन, काडतूस आणि हात या चौघांवर मिळून ठेवायचा असतो.

यावरूनच आकाराचा प्रश्न सुटतो. पिस्तूल जितके आखूड, तितका स्लाइडचा प्रवास कमी, तिची गती जास्त आणि स्प्रिंग ताठ. त्यामुळे ढिल्या पकडीला आणि हलक्या काडतुसाला ते कमी माफ करते. शिवाय लहान पिस्तुलाचा झटका हाताला जास्त लागतो, मग माणूस सराव टाळू लागतो. म्हणून खिशात मावणारे अगदी चिमुकले पिस्तूल तुझ्यासारख्या नवशिक्याने पहिले म्हणून घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. ते लपवायला सोपे असते, पण चालवायला सर्वांत अवघड असते.

माझी पहिली शिफारस ग्लॉक १९ ची आहे. ऑस्ट्रियन सैन्याने १९८२ साली स्वीकारलेल्या ग्लॉक १७ चे हे थोडे आखूड रूप १९८८ साली आले आणि तेव्हापासून पोलीस व सामान्य नागरिक यांच्या हातांत ते इतके वापरले गेले आहे की त्याचे गुणदोष लपून राहिलेले नाहीत. मॅगझिनमध्ये १५ काडतुसे बसतात. रिकाम्या मॅगझिनसह वजन सुमारे ६७० ग्रॅम आणि भरल्यावर साडेआठशेच्या आसपास. दिसायला ते अगदी साधे आहे, पण भाग कमी, सुटे भाग सगळीकडे मिळतात आणि होल्स्टर, म्हणजे कमरेला लावायचे म्यान, कोणत्याही कंपनीचे सापडते. पाचव्या पिढीतल्या ग्लॉक १९ बरोबर मुठीच्या मागे लावायच्या वेगवेगळ्या जाडीच्या पट्ट्याही येतात, त्यामुळे तुझ्या हाताला मूठ जुळवून घेता येईल.

तुझ्या सडपातळ अंगाला आणि उन्हाळी शर्टाखाली ते जड वाटले, तर मात्र थोडे खाली उतरावे. सिग सावरच्या पी३६५ ने २०१८ साली एवढ्या छोट्या आकारात दहा काडतुसे बसवून दाखवली आणि बाकीच्या कंपन्यांना त्यामागे धावावे लागले. त्याचे वजन रिकाम्या मॅगझिनसह सुमारे ५०० ग्रॅम आहे. स्मिथ अँड वेसनच्या शील्ड प्लसची मूठ मला त्याहून अधिक भरीव वाटते आणि चापही अधिक स्वच्छ सुटतो. या दोघांत मी तुझ्यासाठी शील्ड प्लसकडे झुकेन. वहिनीही चालवणार असतील आणि स्लाइड मागे ओढताना त्यांचा हात दुखत असेल, तर त्याच कंपनीचे शील्ड ईझेड त्यांच्या हातात देऊन पाहा. त्याची स्लाइड मुद्दाम सैल ओढता येईल अशी केलेली आहे. फक्त जुने विकत घेऊ नका. ९ मि.मी. काडतुसाच्या ईझेडपैकी २०२० च्या मार्च ते ऑक्टोबरमध्ये बनलेल्या काही पिस्तुलांच्या हॅमरबाबत (आतल्या घोड्याबाबत) कंपनीनेच सुरक्षा सूचना काढली होती, म्हणून वापरलेले घ्यायची वेळ आलीच तर त्याचा अनुक्रमांक कंपनीकडे तपासून घ्यावा.

काडतुसाच्या बाबतीत ९ मि.मी. सोडून दुसरीकडे पाहू नकोस. १९८६ साली मायामीत झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले, त्यानंतर ती संस्था अधिक जोरकस काडतुसांकडे वळली. पण नव्या धाटणीच्या गोळ्या आल्यावर तीही पुन्हा ९ मि.मी. वर परतली. झटका कमी, नेम लवकर सावरतो आणि सरावाची काडतुसे स्वस्त पडतात. सरावाला साधी, तर रोज बाळगायला पोकळ टोकाची गोळी घे, कारण ती शरीरात पसरून थांबण्याची शक्यता जास्त असते आणि मागे उभ्या असलेल्या निरपराध माणसाला असलेला धोका कमी होतो. फेडरल एचएसटी किंवा स्पीअर गोल्ड डॉट यांपैकी एक निवड आणि त्यावरच टिकून राहा.

एक बारीक गोष्ट बहुतेक जण सांगत नाहीत. रोज रात्री पिस्तूल रिकामे करून सकाळी तेच काडतूस पुन्हा चेंबरमध्ये चढवत राहिलास, तर दर वेळी बसणाऱ्या धक्क्याने गोळी टरफलात किंचित आत सरकते. असे आखूड झालेले काडतूस झाडले तर आतला दाब धोकादायक वाढू शकतो. चेंबरमधले काडतूस अधूनमधून एका नव्या काडतुसाशेजारी सपाट टेबलावर उभे करून पाहा. उंचीत फरक दिसला तर ते बाजूला काढ.

मॅगझिन किमान तीन घे, मूळ कंपनीचीच घे आणि प्रत्येकाच्या तळपट्टीवर पांढऱ्या रंगाच्या पेनने १, २, ३ असे आकडे घाल. पिस्तूल अडकले की दोष त्याच्या माथी मारला जातो. पण दर वेळी २ क्रमांकाचेच मॅगझिन आत होते असे लक्षात आले, तर बिचाऱ्या पिस्तुलाचा त्यात काही दोष नसतो. सिमेंटवर पडून ज्याचे वरचे ओठ वाकले, ते मॅगझिन सरळ सरावाच्या पेटीत टाकावे.

विकत घेतल्यावर लगेच कमरेला लावू नकोस. आधी साध्या काडतुसांच्या निदान पाचशे गोळ्या, मग रोज बाळगायच्या काडतुसांच्या शंभर-दोनशे गोळ्या सगळी मॅगझिने आळीपाळीने लावून झाड आणि त्यांत एकदाही कारण न कळणारा अडथळा आला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू कर. खर्च वाढतो, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच सगळे पैसे पिस्तुलावर घालवू नकोस. कुणी सुचवले म्हणून हलका चाप किंवा बाहेरच्या स्प्रिंगा तर मुळीच बसवू नकोस. कंपनीने जसे दिले तसेच राहू दे.

होल्स्टर कायडेक्सचे (कडक प्लास्टिकचे), चापाभोवतीचे कडे पूर्ण झाकणारे आणि त्याच पिस्तुलासाठी बनवलेले हवे, सोबत ताठ पट्टा. पिस्तूल होल्स्टरमध्ये परत घालताना कधीही घाई करू नये, कारण शर्टाचे टोक चापात अडकले तरी गोळी सुटते. आपल्याकडच्या दमट हवेत घामाने स्लाइडवर गंज धरतो, म्हणून आठवड्यातून एकदा पुसून खाचांत तेलाचा एकेक थेंब सोडत जा.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. तुझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे खरेदीला अडचण नाही. पण तुझ्याकडे राहणारा पुतण्या एच-१बी वर आहे आणि शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर त्या व्हिसावर बंदूक जवळ ठेवणे हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा ठरतो. तिजोरीची किल्ली किंवा आकडा त्याला ठाऊक असता कामा नये. सतरा वर्षांखालील मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागू देणे हा टेक्सासमध्ये वेगळा गुन्हा आहे, म्हणून चिन्मयसाठीही हेच लागू. २०२१ पासून इथे परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येते, तरी तू परवाना काढच. त्यासाठीच्या वर्गात कायदा शिकवतात आणि ५० गोळ्यांची परीक्षा घेतात. मात्र तो परवाना न्यू जर्सीत चालत नाही, तेव्हा एडिसनला ताईंकडे जाताना पिस्तूल घरच्या तिजोरीतच राहू दे.

आमच्या जवळच्या नेमबाजीच्या रेंजवर ही पिस्तुले भाड्याने मिळतात. पुढच्या शनिवारी वहिनींना घेऊन सकाळी लवकर ये, कानाचे आणि डोळ्यांचे संरक्षण माझ्याकडे जास्तीचे आहे. तोवर काही विकत घेऊ नकोस. पायांत बंद बूट आणि अंगात गळ्याशी बंद असलेला शर्ट घालून या, कारण तापलेली टरफले उडून आत शिरतात.

वहिनींना नमस्कार, चिन्मयला आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर