‘माझी खात्री नाही’ असे लिहिणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून कोल्हापूरला जाणाऱ्या मालाचे बिल पहिल्याच वेळी बिनचूक छापून आले, तेव्हा आपल्याला फोन लावायला घेतला होता. पण घसा दाटून आला आणि बोलणे जमणार नाही असे वाटले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण आपणही कोड वाचून त्यातला गुंता दाखवणारे आपले टूल सर्वांच्या हाती तसेच मोकळेपणाने दिलेत.

आधी काय घडले ते सांगितल्याशिवाय या मदतीचे मोल इतरांना कळणार नाही. बिलांचा हा प्रोग्राम जुना आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हा तो घाईघाईने बदलला गेला, आणि ज्यांनी बदलला ते दोघेही पुढे नोकरी सोडून गेले. कोडचा उलगडा व्हावा म्हणून आम्ही बाहेरगावच्या एका सल्लागारांना बोलावले. त्यांनी भरघोस फी घेतली, जाडजूड अहवाल दिला आणि ‘यांना कोणीच बोलावत नाही’ असे सांगून काही फंक्शने, म्हणजे नावाने बोलावले की आपापले काम करणारे कोडचे तुकडे, काढून टाकायला लावली. आम्ही विश्वासाने काढली, आणि त्यांतच महाराष्ट्राच्या बिलांचे फंक्शन गेले. आपण सीमेवरची माणसे. माल हुबळीला गेला तर कराचे केंद्राचा आणि राज्याचा असे दोन भाग पडतात, आणि निपाणीच्या पुढे हद्द ओलांडून कोल्हापूरला गेला की आयजीएसटी हा परराज्यातल्या विक्रीचा एकच कर लागतो. कर्नाटकाचे फंक्शन कोडमध्ये थेट नावाने बोलावलेले होते. परराज्यांसाठी मात्र महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३० असा राज्याचा संकेतांक जोडून फंक्शनचे नाव प्रोग्राम चालू असतानाच तयार होत होते, त्यामुळे ते नाव अख्ख्या कोडमध्ये शोधूनही सापडण्यासारखे नव्हते. त्या संध्याकाळी कास्टिंगने भरलेला ट्रक फाउंड्रीच्या फाटकात तीन तास अडकून पडला. पाऊस कोसळत होता, ड्रायव्हर पुन्हा पुन्हा उतरून ताडपत्रीचे दोर आवळत होता आणि मी पडद्यासमोर हात बांधून बसलो होतो. सल्लागारांना फोन केला, तर आमचा अहवाल बरोबरच आहे एवढे बोलून त्यांनी तो ठेवून दिला. ते वाक्य अजून सलते.

मग खानापूरला आपल्या घरी आलो. कोण कोणाकडून आपल्याकडे घेऊन आले, किती फेऱ्या झाल्या, ते सांगत बसत नाही. आपले टूल पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतली प्रत्येक फाइल वाचून तिच्या रचनेचे झाड उभे करते, कोण कोणाला बोलावतो त्या रेघा जोडते आणि ज्या फाइली एकमेकींत गोल गुंतल्या आहेत त्यांचा गठ्ठा वेगळा दाखवते. संगणकशास्त्रज्ञ रॉबर्ट टार्जन यांनी १९७२ साली मांडलेल्या रीतीने हा गुंता एकाच फेरीत कसा सापडतो, ते आपण वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने काढून दाखवलेत. आमच्या ११ फाइलींचा असाच एक गुंता होता, आणि इतकी वर्षे त्यांतली एक फाइल बदलली की दुसरीच का बिघडते, हे मला त्या पानावर पहिल्यांदा दिसले.

तरी माझ्या मनात घर करून राहिली ती एक तुटक रेघ. संकेतांक जोडून नाव बनते तिथे आपल्या टूलने सरळ रेघ ओढली नाही, आणि ‘कोणीच बोलावत नाही’ असेही म्हटले नाही. तुटक रेघ काढून तिच्याखाली मराठीत तीन वाक्ये दाखवली: ‘हे नाव प्रोग्राम चालू असताना तयार होते. ते कुठे जाते याची माझी खात्री नाही. माणसाने एकदा पाहावे.’ काका, ही वाक्ये मी कितीदा वाचली असतील याची गणती नाही. कोड नुसता वाचून कोणत्याही प्रोग्रामच्या वागण्याविषयीच्या प्रत्येक प्रश्नाचे खात्रीने उत्तर देणारे टूल होऊच शकत नाही, हे गणितज्ञ हेन्री राइस यांनी १९५३ साली सिद्ध करून ठेवले आहे. ते त्या सल्लागारांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही; पण गिऱ्हाइकासमोर ते कबूल करायला जो सच्चेपणा लागतो, तो मला आपल्यापाशी भेटला. त्यातही, माझ्या शेजारी बसणाऱ्या कन्नडभाषक सहकाऱ्याने तेच टूल चालवले, तेव्हा त्याला ती वाक्ये कन्नडमध्ये दिसली. कोणी मागितली नव्हती. आपण आधीच कोणाकडून तरी ती नीट लिहून घेतली होती. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले, आणि आम्ही दोघेही काही वेळ काहीच बोललो नाही.

पैशाचा विषय काढला तेव्हा आपण कुंद्याचा डबा तेवढा ठेवून घेतलात. वर सगळा कोड एमआयटी परवान्याखाली देऊन टाकलात, म्हणजे परवान्यातली सूचना जपली की कोणीही तो वापरावा, बदलावा, पुढे द्यावा. दुसऱ्याची अडचण ही आपल्या कमाईची संधी न मानणारी, आणि जेवढे कळले तेवढेच सांगणारी माणसे आपल्या भागात अजून आहेत, हे मी आता कोणालाही छातीठोकपणे सांगू शकतो.

काढून टाकलेली फंक्शने आम्ही परत बसवली आहेत आणि ११ फाइलींचा गुंता आता चारांवर आला आहे. तुटक रेघांपैकी तीन उरल्या आहेत. त्यांतली गोव्याची मला अजून नीट समजलेली नाही; रविवारी सकाळच्या गाडीने खानापूरला येतो, ती आपल्याजवळ बसून पाहू.

आपला कृतज्ञ,
उद्यमबागेतला एक प्रोग्रामर, बेळगाव