चिऊ, हक्कसोडपत्रावर सही करू नकोस

प्रिय चिऊ,

काल फोनवर तू म्हणालीस, आई जाऊदे, दादाला हवंय तर बाबांच्या मागे राहिलेल्या जमिनीतला हक्क सोडल्याची देऊन टाकते सही, उगाच कशाला कडूपणा. मी तेव्हा गप्प बसले कारण दादा शेजारीच होता. म्हणून लिहितेय, निवांत बसून वाच, गिऱ्हाईक असताना घाईघाईत नको.

तू सही करायची नाहीस. मी दादाची पण आई आहे आणि आज सकाळी त्यालाही हेच सांगितलंय. दादा वाईट नाही गं, पण त्याला भावकीतले सगळे सांगतात की बहिणीचं लग्न थाटात केलं, आता एकदाची सही घेऊन टाक, उद्या जावई डोकं वर काढतात. आपल्याकडे घरोघरी हेच चालतं, वडील गेले, वारसनोंद झाली की बहिणींना बोलवायचं, साडीचोळी करायची आणि दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात नेऊन अंगठा, फोटो, सही घेऊन मोकळं व्हायचं. जी नाही म्हणेल तिचं माहेर तुटतं. या भीतीनेच बायका सही करतात, कायदा माहीत नसतो म्हणून नाही.

आता तुझं बँकेचं आठव. मसाल्याच्या गाळ्यासाठी कर्ज मागायला गेलीस, पल्व्हरायझरचं, म्हणजे मसाला दळायच्या यंत्राचं कोटेशन होतं, रिटर्न होते, जीएसटी होतं, आणि साहेबांचा पहिला प्रश्न काय, तर मिस्टर काय करतात, आणि दुसरा, तारण काय आहे. फ्लॅट जावईबापूंच्या नावावर, गाडी त्यांच्याच, तुझ्या नावावर म्हणजे काय तर डागिने. छोट्या उद्योगाला ठराविक रकमेपर्यंत तारण मागायचं नाही असं रिझर्व्ह बँकेनंच सांगितलंय, मुद्रा कर्ज तर २०१५ पासून विनातारणच आहे, तरी काउंटरवर मागतात. पुढच्या वेळी मागितलं की शांतपणे म्हण, साहेब हे मला लेखी द्या. लेखी कुणी देत नाही. पण खरी गोष्ट ही की तुझा धंदा काही तेवढ्यावर थांबणार नाहीये, आणि त्याच्या पुढे कागदच बोलतो.

तुझ्या आत्याचं बघ. एमआयडीसीतल्या पोरांचे डबे करायची, पहाटे चारला शेगडी पेटायची तिची, तिच्या हातच्या मसूर आमटीसाठी पोरं दुसरी खानावळ बघायची नाहीत. एका कारखान्याचं कँटीन मिळत होतं, डिपॉझिट भरायचं होतं, भांडी, फ्रीज घ्यायचा होता. बँकेत गेली तर घर सासऱ्यांच्या नावावर आणि माहेरच्या सातबाऱ्यावरून तिचं नाव कधीच निघालेलं. शेवटी फायनान्सवाल्याकडून शेकडा पाच रुपये महिना व्याजाने पैसे उचलले, कँटीन चाललं, चांगलं चाललं, पण सुटायचं ते सगळं व्याजात जायचं आणि शेवटी सोडून द्यावं लागलं. ते हक्कसोड तिनं तुझ्या बाबांना दिलं होतं. ती जमीन आजही आपणच कसतो.

कायदा आता स्पष्ट आहे. महाराष्ट्रानं १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जितात हक्क दिला पण तेव्हा ज्यांची लग्नं झालेली होती त्या बाहेर राहिल्या, आत्या त्यातलीच. मग २००५ ला केंद्राचा बदल आला, लग्न झालेलं असो नसो, मुलगी जन्मापासून मुलासारखीच वाटेकरी, आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की २००५ मध्ये वडील हयात हवेत असंही काही नाही. म्हणजे मी, तू, दादा, तिघं सारखे. फक्त रजिस्टर हक्कसोड झालं की हे सगळं संपतं, मग परत मिळवायला कोर्टात वर्षानुवर्षं जातात.

आणि माझं म्हणणं असं नाही की जमीन विक किंवा भावाशी भांड. मळा दादानंच कसावा, घाम त्याचा आहे. पण सामाईक सातबाऱ्यावर बँक सहज कर्ज देत नाही, म्हणून मी त्याला म्हटलंय की तहसीलदारांकडे जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली संमतीनं वाटप करून घेऊ, प्रत्येकाचा सातबारा वेगळा. तो रुसलाय. जेवला नाही नीट. रुसू दे, मी आहे इथे.

दुसरं, उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केलंस का? फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नकोस. ते सुपरमार्केटवाले चार-चार महिने बिलं अडकवतात ना तुझी, तू स्वतः माल बनवतेस म्हणून तुला छोट्या उद्योगांचा कायदा लागू होतो, करारात काहीही लिहिलेलं असो, ४५ दिवसांच्या वर थांबवता येत नाही, थांबवलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँकरेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. पण नोंदणी माल देण्याच्या आधीची हवी. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ऑर्डरी डिलीट करू नकोस.

आणि मृत्युपत्र कर. अभद्र बोलतेय असं समजू नकोस. हिंदू बाईनं स्वतः कमावलेलं, मूलबाळ नसेल आणि नवराही नसेल तर ते आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं, आईवडील त्याच्यानंतर. २००९ ला सुप्रीम कोर्टात असाच निकाल लागला, लग्नानंतर तीन महिन्यात विधवा झालेली, सासरनं हाकललेली बाई, माहेरी शिकली, नोकरी केली, आणि तिचा पैसा गेला नणंदेच्या मुलांना. एक मृत्युपत्र असतं तर गेला नसता.

आपल्या शेजारी म्हसवडला १९९७ मध्ये बायकांची माणदेशी बँक निघाली, त्याच्या आधी रिझर्व्ह बँकेनं अर्ज परत पाठवला होता, का तर बायका निरक्षर, अंगठे लावलेले. त्या लिहायला-वाचायला शिकून परत गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या व्याजाचा हिशोब सांगा, आम्ही तोंडी करतो. मार्केट यार्डात मिरचीवाला "साहेब नाहीत का सोबत" विचारतो आणि तू गप्प बसतेस ते मला आवडत नाही. मालक मीच, भाव सांगा, एवढंच म्हणायचं.

येताना आधार, पॅन आणि लग्नाचा दाखला आण, वारसनोंदीत तुझं माहेरचं नाव लागलंय आणि आधारवर सासरचं आहे, ते जुळवायला लागेल. दादाला मात्र तू स्वतः फोन कर, मी सांगितलंय तरी मळ्याचं तुझं काय ठरलंय ते त्याला तुझ्या तोंडून कळू दे. जावईबापूंना सांग मी लिहिलंय म्हणून, लपवण्यासारखं यात काही नाही.

तुझी
आई