शंभर डॉलरच्या आत लिहायला सांगणाऱ्यांनी भरपाईही द्यावी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

लग्नसराईत परदेशी पार्सल कसे पाठवावे, याबद्दलचा आपल्या पुरवणीतला लेख काल वाचला. रात्रभर राग गिळून बसले आणि आज सकाळी हे पत्र लिहायला घेतले. ‘किंमत शंभर डॉलरच्या आत ठेवा, भेट असा उल्लेख करा, दुकानाचे टॅग काढा, बिल खोक्यात ठेवू नका’ असे सल्ले लेखकाने वाचकांना दिले आहेत. असे केले की अमेरिकेत कर लागत नाही आणि ‘सगळे असेच करतात’ हेही वर लिहिले आहे. आपल्या दैनिकात हे छापून यावे याचे मला खरोखर वाईट वाटले. गेली अनेक वर्षे आमच्या घरी आपलाच अंक येतो.

मी टपाल खात्यात काउंटरवर नोकरी करून निवृत्त झाले. परदेशी पार्सलमधला माल आणि त्याची किंमत जाहीर करायचे सीएन २२ आणि सीएन २३ हे फॉर्म हजारो लोकांकडून भरून घेतले. त्या फॉर्मवर पाठवणाऱ्याची सही असते आणि सहीच्या वर छापलेले असते की वर दिलेला तपशील बरोबर असल्याचे मी प्रमाणित करतो. लोक ते वाचत नाहीत. मी वाचून दाखवत असे. त्यावरून रांगेतल्या लोकांची बोलणीही खाल्ली आहेत.

आता माझ्या लेकीच्या दिवाळसणाचे सांगते.

लेक न्यू जर्सीला असते. लग्नानंतरची तिची ही पहिली दिवाळी. दोघांना येणे जमत नव्हते, म्हणून पैठणी, जावयासाठी कुर्ता आणि घरी केलेला फराळ पाठवायचा असे ठरले. पैठणी येवल्याच्या विणकराकडून घेतली, २६ हजारांची. त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेले बिल माझ्याकडे आहे. टपालाने पाठवायची सोय राहिली नव्हती. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून घेतली. शुल्क कोणी आणि कसे गोळा करायचे याचाच घोळ असल्याने आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासूनच तिकडचे बुकिंग थांबवले. आधी पत्रे, कागदपत्रे आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटी तरी जात होत्या, महिनाअखेरीस त्याही थांबल्या. अनारसे आणि चकल्या दिवाळीपर्यंत थांबणार नव्हत्या. म्हणून आमच्या भागातल्या एका कुरिअर एजंटाकडे गेले.

त्याला बिल दाखवले. किंमत खरी लिही, जे शुल्क होईल ते आम्ही भरू, असे स्पष्ट सांगितले. पैठणीचेच जवळपास तीनशे डॉलर होतात, भारतातून जाणाऱ्या मालावर तिकडे तेव्हा ५० टक्के शुल्क होते, म्हणजे तेरा हजारांच्या घरात भुर्दंड बसणार, हे मला ठाऊक होते. माझ्या लेकीलाही ठाऊक होते. दोघींनी फोनवर बोलून तसे ठरवले होते. एजंट म्हणाला, “काकू, कशाला? मी बघतो.” मी म्हटले, बघायचे काही नाही, बिलावर आहे तेच लिही. तो हो म्हणाला. हातात जी पावती मिळाली तिच्यावर वजन, डॉकेट नंबर आणि मी भरलेले पैसे एवढेच होते. माल आणि किमतीचा कागद मागितला तर “व्हॉट्सअॅपवर टाकतो” म्हणाला. तो कागद रात्री आला. त्यावर लिहिले होते: सुती कपडे आणि घरगुती खाऊ, भेट, एकूण किंमत ९० डॉलर. रेशमाच्या पैठणीला सुती कपडे! खाली पाठवणारी म्हणून माझे नाव, घेणारी म्हणून लेकीचे. एजंटाचे नाव कुठेही नव्हते.

सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊन उभी राहिले. तो म्हणाला, गाडी रात्रीच मुंबईला गेली, आता बदल होत नाही, आणि काही होतही नाही.

पार्सल गहाळ झाले. ट्रॅकिंगवर काही दिवस तोच शेरा दिसत राहिला, मग कंपनीने सापडत नाही असे कळवले. भरपाई किती? घोषित केलेली किंमत किंवा कंपनीची ठरलेली कमाल रक्कम, यातली जी कमी असेल ती. आम्हाला पाच हजार रुपये देऊ केले. मी येवल्याचे बिल पाठवले. उत्तर आले की बिल तुमच्याच घोषणेशी जुळत नाही, त्यामुळे ते विचारात घेता येत नाही. आणखी भांडायचे तर मला लिहून द्यावे लागेल की माझ्या नावाने अमेरिकेच्या कस्टम्सला गेलेला कागद खोटा होता. आणि मग घेणारी म्हणून ज्या लेकीचे नाव त्या कागदावर आहे, तिचे काय? ती तिकडे व्हिसावर राहते. म्हणून मी गप्प बसले. खरे बिल हातात असूनही ते कुठे दाखवता येत नाही, ही अवस्था काय असते हे आपल्या लेखकाला कळावे म्हणून एवढे सविस्तर लिहिले.

एजंटाला जाब विचारला तर म्हणाला, “काकू, मी तुमचे पैसेच वाचवत होतो की.” माझे पैसे वाचवायला मी त्याला सांगितले नव्हते. खरे लिहायला सांगितले होते. पाच हजारांत येवल्याचा विणकर मला पदराचा एक मोरही विणून देणार नाही.

आता लेखातल्या सल्ल्यांविषयी. शंभर डॉलरची भेटीची सवलत अमेरिकेत आहे, हे खरे. पण ती एका माणसाने दुसऱ्या माणसाला दिलेल्या खऱ्या भेटीसाठी आहे आणि शंभर डॉलर ही त्या वस्तूची बाजारातली खरी किंमत असावी लागते. एका व्यक्तीला एका दिवसात आलेल्या भेटी एकत्र धरल्या जातात, त्यामुळे ‘दोन खोकी करा’ हा लेखातला सल्लाही चुकीचा आहे. मुलाने पैसे पाठवून इथल्या दुकानातून मागवलेला शालू हा विकत घेतलेला माल आहे, त्यावर भेट लिहिणे खोटे आहे. फराळाचेही तसेच. घरी केलेला फराळ घरच्याने भेट म्हणून पाठवला तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला आगाऊ सूचना द्यावी लागत नाही. दुकानातून आणलेल्या चिवड्याला ती द्यावी लागते. लेखकाने सगळ्यावर सरसकट ‘होममेड’ लिहायला सांगितले आहे. एखादे खोके त्यावरून अडले तर आतले सगळेच अडकते, त्याच खोक्यात ठेवलेले आजीने केलेले बेसनाचे लाडूसुद्धा.

कस्टम्सच्या लोकांना हे कळत नाही, असे लेखकाने कशावरून धरले? माल असलेल्या टपालाची माहिती २०२१ च्या जानेवारीपासून पार्सल पोचण्याआधीच इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पुढच्या देशाला द्यावी लागते. खोके उघडायच्या आधीच तिथल्या माणसासमोर वजन, वर्णन आणि किंमत असते. वर्षानुवर्षे प्रत्येक खोक्यावर नव्वद, पंचाण्णव असेच आकडे पाहिले की नव्वदचीच खरी भेट पाठवणाऱ्यावरही तो विश्वास ठेवणार नाही. माझी खरी चीड इथे आहे. सवलत असते खऱ्या माणसासाठी, ती संपवतो खोटा, आणि तिच्यावाचून अडते पुन्हा खऱ्याचेच.

आपल्या देशात हे होऊन गेले आहे. परदेशातून येणाऱ्या २० हजार रुपयांपर्यंतच्या भेटींना आपल्याकडे कस्टम्स शुल्क माफ होते. चिनी ऑनलाइन दुकानांवरून मागवलेले कपडे, खेळणी, मोबाइलचे सामान त्या सवलतीत ‘भेट’ म्हणून घुसू लागले. ग्राहकांना ते ठाऊक होते, स्वस्त पडते म्हणून सगळे खूश होते. डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने पोस्टाने किंवा कुरिअरने भेट म्हणून होणारी आयातच बंद केली. जीवरक्षक औषधे आणि राखी एवढेच वगळले, तेही फक्त राखी, राखीबरोबरची भेट नाही. मग आला २०२१ चा एप्रिल. लोक ऑक्सिजनसाठी वणवण फिरत होते, परदेशातली मुले आईवडिलांसाठी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पाठवायला धडपडत होती आणि भेट म्हणून ते आणायचे दार दीड वर्षापूर्वीच बंद झालेले होते. ३० एप्रिलला त्यासाठी वेगळी अधिसूचना काढावी लागली. त्यावरचा आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, २८ टक्के होता, तो १ मे रोजी १२ टक्क्यांवर आणला. ८५ वर्षांचे एक गृहस्थ त्या कराविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले होते. स्वस्त टी-शर्टवर ‘गिफ्ट’ लिहून घेणाऱ्यांना तेव्हा हे आठवले का, हा प्रश्न मला आजही पडतो.

काहीजण म्हणतील, तेव्हाचे ५० टक्के शुल्कच अन्यायाचे होते. मलाही ते अन्यायाचेच वाटते. आईने लेकीला पाठवलेल्या साडीवर निम्म्या किमतीएवढा कर घ्यावा, हे कुठल्या सरकारला शोभत नाही. त्याविरुद्ध लिहा, अग्रलेख लिहा, आपल्या खासदारांना विचारा. पण अन्याय होतो म्हणून माझ्या नावाखाली परस्पर खोटा आकडा टाकायचा अधिकार एजंटाला मिळत नाही, आणि तो टाकायला सांगायचा अधिकार वर्तमानपत्रालाही मिळत नाही.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. टपाल खात्याने १५ ऑक्टोबरपासून अमेरिकेचे बुकिंग पुन्हा सुरू केले. शुल्क इथेच, बुकिंगच्या वेळी, घोषित किमतीवर भरता येते. म्हणजे घेणाऱ्याला तिकडे धावपळ करावी लागत नाही आणि किती लागणार हे आधीच कळते. दिवाळी तोंडावर असताना हजारो घरांच्या उपयोगाची ही बातमी आपण आतल्या पानावर तळाशी चार ओळींत छापलीत. त्या आठवड्यात पहिल्या पानावर मात्र फराळ कुरिअरच्या जाहिराती रोज होत्या. कालच्या लेखाशेजारीही अर्धे पान कुरिअरची जाहिरात आहे. लेख कोणाच्या सोयीने लिहून घेतला, असे वाचकाने विचारले तर राग मानू नये. आमच्या जवळच्या पोस्टातही काउंटरवरचा मुलगा गेल्या आठवड्यापर्यंत “अमेरिका बंद आहे” असेच सांगत होता. मी स्वतः जाऊन त्याला सांगितले. माझ्याच खात्याला ही बातमी माझ्याकडून कळावी, याचे दुःख वेगळेच आहे.

माझी मागणी साधी आहे. त्याच पुरवणीत, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात खुलासा छापावा: किंमत खरी लिहावी, किंमत आणि वर्णनाचा कागद खोके बंद होण्याआधी मागून घ्यावा, विमा आणि भरपाई त्याच आकड्यावर मिळते, आणि एजंटाने परस्पर आकडा बदलला तर खोके तिथून उचलून आणावे. हे पत्र लांबले आहे, कापायचे असेल तर माझ्याविषयीचे कापा, पण खुलाशाचा मजकूर कापू नका. लग्नसराई सुरू झाली आहे आणि या आठवड्यातही कितीतरी आया शालू, पैठण्या घेऊन त्या दुकानांत उभ्या असतील.

आपली,
एक निवृत्त टपाल कर्मचारी, सातारा