मरळीसाठी पाठवलेला बेडूक

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस साष्टांग नमस्कार, वि. वि.

पार्सल पोचल्याचं दादाने कळवलं. मरळ धरायला पाठवलेला, आमिषाचा रबरी बेडूक हातात घेऊन बाबा काय म्हणाले, तेही कळलं. "असलं काय मरळ खातंय होय? तिला काय डोळे नाहीत?" बाबा, डोळे आहेत म्हणूनच खाते. फोनवर सांगायला गेलं की तुम्ही "हो हो" करता आणि दुसऱ्या दिवशी जुनीच काठी घेऊन मलप्रभेत गुडघाभर पाण्यात उतरता. आई सगळं सांगते मला. म्हणून लिहून पाठवते आहे.

इथे टेक्सासात लोक वेडे असतात ते लार्जमाउथ बास नावाच्या माशापायी. हिरवट अंग, बाजूने काळा पट्टा आणि डोळ्याच्याही मागे जाणारा जबडा. मरळीशी त्याचं काही नातं नाही, पण वागणं तिच्यासारखंच. उगाच पाठलाग करत फिरायचं नाही, पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसायचं आणि डोक्यावरून काही गेलं की झडप घालायची. त्यामुळे बाससाठी केलेला बेडूक मरळीलाही चालतो. माझ्या बोलण्यावर विश्वास नसेल तर ऐका. इकडे पूर्वेला पोटोमॅक नदीत २००४ मध्ये आपल्या मरळीच्याच कुळातला मासा सापडला आणि तिथे वाढला. लोक त्याला याच बेडकाने धरतात.

आता बेडूक नीट बघा. आतून पोकळ आहे आणि दोन्ही गळ वरच्या बाजूला पाठीला चिकटलेत, म्हणून तो शेवाळावरून, कमळाच्या पानांवरून न अडकता सरकतो. मरळीने चावलं की अंग दबतं आणि गळ उघडे पडतात. पक्कडीने दोन्ही गळ अगदी किंचित बाहेर वाकवून घ्या, मासा जास्त लागतो. मागच्या रबरी झालरीची एक बाजू थोडी कापा, म्हणजे एका जागी डावी-उजवी मान टाकत नाचवणं सोपं जातं. नाचवताना काठीचं टोक खाली आणि दोर थोडा सैल ठेवा. हलके झटके द्यायचे, मधे थांबायचं. पानांच्या जाळीत मोकळ्या पाण्याची खिडकी दिसली की तिथे जास्त वेळ थांबवा. बहुतेक वेळा घाव तिथेच पडतो.

आणि खरी गोष्ट इथे आहे, बाबा. तुमचा हात फार चपळ. भेंड बुडालं की तुम्ही ओढता, आणि गांडुळाच्या गळाला ते बरोबरच आहे. बेडकाला तसं करू नका. पाणी फुटल्याचा आवाज आला म्हणजे मासा लागला असं नाही. कधी तो चुकतो, कधी नुसता उडवतो. आवाज झाला की काठी मासळीच्या दिशेने खाली करा, ढिला दोर गुंडाळा, तिकडचं वजन हाताला कळू द्या आणि मग जोरात ओढा. इथे चांगले मुरलेले लोकही ह्यातच फसतात. आवाज ऐकून हात थांबवणं सोपं नसतं.

पार्सलमधल्या रिळावर जाड विणलेला दोर भरलाय. तो ताणला जात नाही, म्हणून लांबवरचा झटकाही थेट गळाला पोचतो, आणि पानांचे देठ कापत येतो. खाली थोडा साधा नायलॉन गुंडाळलाय, नाहीतर विणलेला दोर रिळावर घसरतो. तो काढून टाकू नका. ड्रॅगची कळ, म्हणजे मासा ओढेल तसा दोर सुटू देणारी, घट्टच ठेवा. मरळ लागल्यावर तिला गवतात शिरायला मोकळीक दिली की संपलं. हे रीळ पाठवण्यामागे माझा खरा हेतू वेगळाच आहे. फेक लांब जाते, त्यामुळे काठावर कोरड्या दगडावर उभं राहूनही पलीकडच्या गवतापर्यंत पोचता येतं. आषाढात खानापुरात नदी कशी येते हे मी तुम्हाला सांगायला नको, पण गुडघ्यांचं मात्र सांगावं लागतं.

एक धोका. इथे बास पकडला की लोक अंगठा त्याच्या तोंडात घालून खालचा जबडा धरून उचलतात. त्याचे दात खरखरीत कागदासारखे, काही होत नाही. दादाने तसले व्हिडिओ पाहिले असतील. मरळीच्या तोंडात अंगठा घालू नका, तिचे दात खरे आहेत.

आई, तुझा प्रश्न, पकडून सोडून द्यायचा तर पकडायचा कशाला? मलाही सुरुवातीला हे श्रीमंतांचं खूळ वाटायचं. जगातल्या सर्वांत मोठ्या बासांतला एक १९३२ साली जॉर्जियात जॉर्ज पेरी नावाच्या तरुण शेतकऱ्याने धरला, दहा किलोच्या वरचा. त्याच्या घरच्यांनी तो खाल्ला, आणि कुणी नावं ठेवत नाही. मीही कधीतरी एखादा घरी आणते. बासचं मांस पांढरं, फारसा वास नाही, पण तुझ्या तिरफळ घातलेल्या आमटीला बिलकूल शोभत नाही. टेक्सासात साधारणपणे चौदा इंचांहून लहान बास ठेवता येत नाही आणि दिवसाला पाचच. आणि हे तुला आवडेल. जानेवारी ते मार्चमध्ये कुणाला सहा किलोच्या आसपासची किंवा मोठी बास लागली, तर सरकारी मत्स्यकेंद्र तिला घेऊन जातं, तिचं बाळंतपण करतं आणि नंतर परत तळ्यात सोडतं. १९८६ पासून चालू आहे.

तेवढं एक मात्र तिकडेही पाळूया. पावसाळ्यात मरळीची लालसर पिल्लं घोळक्याने वर येतात आणि ती त्यांच्या खालीच फिरत असते. पिल्लांच्या मधे बेडूक पडला की चवताळून येते, पकडणं सोपं असतं. ती सोडा, बाबा. आई गेली की बाकीचे मासे तासाभरात पिल्लं साफ करतात.

पार्सलमधला पांढरा बेडूक आधी वापरू नका. गढूळ पाण्यात काळाच बरा, खालून त्याची आकृती नीट दिसते. रंगांवर लोक इथे रात्र-रात्र वाद घालतात आणि पैसेही उडवतात, मला त्यात फारसं तथ्य वाटत नाही. दोर बांधायची पॅलोमर गाठ दादाला व्हिडिओवर दाखवली आहे. ओढायच्या आधी ती थुंकीने ओली करा, नाहीतर दोर स्वतःलाच कापतो. काळ्या बेडकाचा एक गळ गंजला तर लगेच सांगा, दुसरे दिवाळीच्या पार्सलमध्ये घालते.

तुमची,
सुमी