बांध कोरणाऱ्याचं काय होतं?

बेंगळुरू

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

झाला एकदाचा परिषदेत निबंध वाचून! अध्यक्षांनी वेळ संपल्याची चिठ्ठी सरकवली, तरी मी रेटलंच. तू मोजणी खात्यातला माणूस, म्हणून तुलाच सविस्तर लिहितोय.

बायबलच्या ज्ञानसाहित्यावर, म्हणजे शहाणपण सांगणाऱ्या पुस्तकांवर, बोलायचं म्हटलं की बहुतेकजण ईयोबाच्या पुस्तकाकडे धावतात. मी त्यातल्याच नीतिसूत्रे या पुस्तकातली बांधाची दोन वचनं घेतली. बाविसाव्या अध्यायात म्हटलंय, वाडवडिलांनी घातलेली मेर, म्हणजे शेताची हद्द, सरकवू नको. तेविसाव्यात त्याला जोड येते, पोरक्यांच्या शेतात शिरू नको.

हीच ताकीद प्राचीन इजिप्तच्या आमेनेमोपे या अधिकाऱ्याच्या उपदेशात आहे. त्याचा पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरची हस्तलिखित गुंडाळी, 1888 साली ब्रिटिश म्युझियमसाठी तिथले अभ्यासक बज यांनी मिळवला. तो छापून आला 1923मध्ये, आणि पुढच्याच वर्षी जर्मन पंडित एर्मान यांनी नीतिसूत्रांशी असलेलं त्याचं साम्य दाखवून दिलं. तेव्हापासून कुणी कुणाचं उचललं याचा खल चालूच आहे. बहुतेक अभ्यासक मूळ इजिप्तचं मानतात, मीही मानतो. पण मला ओढ आहे ती वाटेत काय बदललं याची.

आमेनेमोपे तुझ्याच जातकुळीतला! धान्याचे हिशेब आणि शेतांच्या हद्दी, हेच त्याचं काम. नाईलचा पूर ओसरला की खुणा पुसलेल्या, मग पुन्हा दोरी धरून मोजणी. म्हणून तो बजावतो, दोरी हलवू नको, हातभर जमिनीचा लोभ धरू नको, विधवेची हद्द ढकलू नको. खोट्या शपथेवर बांध खाणाऱ्याला चंद्रदेव धरतो म्हणे. सरकारी माणसाला साजेसंच, वर एक बडा साहेब असायचाच.

नीतिसूत्रांत विधवेच्या जागी पोरकी मुलं येतात आणि चंद्राच्या जागी येतो गोएल. हा असा जवळचा नातलग, की हातची गेलेली जमीन सोडवून आणणं त्याच्यावर बंधनकारक. बायबलमधल्या रूथच्या गोष्टीत तिच्या सासरचा नातलग बवाज तेच करतो. ज्या पोरांना कुणीच उरलं नाही त्यांचा गोएल समर्थ आहे, त्यांचा दावा तोच चालवील, असं वचन सांगतं.

इथं मी आपलं गाव काढलं. आपल्याकडे बांध कोरतं कोण? भावकीच. दर नांगरटीला नांगराचं एक तास आत. बाप गेलेल्या पोराचं शेत आधी चुलत्यालाच दिसतं. बायबलच्या मुलखातही राखणारेच खात असतील, म्हणून भावकीच्या जागी देवाला उभं करावं लागलं असेल, हे माझं म्हणणं. ईयोबही मेर सरकवणाऱ्यांना पोरक्याचं गाढव हाकलून नेणाऱ्यांच्याच पंगतीला बसवतो.

एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं, नगर जिल्ह्यातलं भांडण प्राचीन यहूदात, ज्यू लोकांच्या त्या जुन्या राज्यात, कसं घुसवता? प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, पुरावा म्हणून नाही, शंका काढायला. त्यांचं समाधान झालं नाही, माझंही अर्धंच. पण कॉफीच्या रांगेत आंध्र-ओडिशाची मंडळी आपापल्या चुलत्यांचे किस्से सांगू लागली, तेव्हा फार बरं वाटलं.

आता निबंध लेखी द्यायचाय. तू एवढं कर. हद्दीचा दगड हलवल्याची तक्रार आली की खरी जागा कशावरून ठरवता, आणि सगळी भावकी समोर उभी असताना पंचनाम्यावर सही करायला कोण पुढे येतं, हे मला नीट लिहून पाठव. फोनवर नको, तू फोनवर नुसता हसतोस.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
मास्तर