प्रवेशाच्या खिडकीवरच्या मॅडमना आभाराचे पत्र

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

पस्तिशी-चाळिशीतला नोकरदार पूर्णवेळ बी.ए.चा अर्ज घेऊन आला की बहुतेक ठिकाणी आधी त्याच्या वयाची चौकशी होते. तुम्ही विचारलंत, "साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी? शिफ्ट बदलते का?" त्या प्रश्नामुळे कितीतरी जणांचं वर्ष वाचलं, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहोत.

प्रत्येक विषयाला लागणाऱ्या पंचाहत्तर टक्के हजेरीचं गणित तुम्ही अर्जाच्या पाठीवर मांडून दाखवायचात. चार क्रेडिटचा विषय म्हणजे सत्राला ६० तास. ४५ भरायचे, १५ चुकले तरी चालतात. दोन क्रेडिटच्या विषयाचे तास ३०. भरायचे २३, हाताशी उरतात फक्त ७. खरी मेख पुढे आहे. अशा विषयाचे आठवड्याचे दोन्ही तास सोमवारी लागोपाठ असले आणि कामामुळे चार सोमवार बुडाले, तर ८ तास गेले. एकूण हजेरी नव्वदच्या पुढे असली तरी तो विषय अडकतो. म्हणून फी भरण्याआधी वेळापत्रक मागून घ्यायचं, दोन क्रेडिटच्या विषयांखाली लाल रेघ ओढायची आणि शेजारी शिफ्टचा तक्ता ठेवून एकेक वार ताडून बघायचा. निवडीचा विषय घेतानाही आवडीबरोबर वार पाहायचा. हे माहितीपुस्तिकेत कुठेच लिहिलेलं नसतं.

गॅपच्या, म्हणजे शिक्षणात पडलेल्या खंडाच्या, प्रतिज्ञापत्राबाबतही तुमची बारीक नजर उपयोगी पडली. नोटरीकडच्या तयार मजकुरात "मधल्या काळात कुठेही प्रवेश घेतला नाही" हे वाक्य असतं आणि लोक न वाचता सही करतात. पण पूर्वी कधी प्रथम वर्षाला नाव घालून शिक्षण सोडलेलं असेल, तर ते विधान खोटं ठरतं. विद्यापीठाकडे जुना पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) असतो आणि नवी नोंदणी तिथेच अडते. अशांना तुम्ही आधी जुन्या कॉलेजातून टीसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) आणायला लावलीत. विद्यापीठ वेगळं असेल तर मायग्रेशन (विद्यापीठ बदलाचं) प्रमाणपत्रही. बारावीनंतरचा कॉलेज सोडल्याचा दाखला कधी काढलाच नसेल तर कनिष्ठ महाविद्यालयाच्या जनरल रजिस्टरवरून तो मूळ मिळतो, हरवला असेल तर दुय्यम प्रत काढावी लागते. हा फरक तुम्ही नीट समजावलात, त्यामुळे लोकांचे फुकटचे हेलपाटे टळले.

लग्नानंतर नाव बदललेल्या बहिणींसाठी तर तुम्ही फार मोठं काम केलंत. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि क्रेडिट जमा होण्यासाठीचा एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या क्रेडिट-खात्याचा क्रमांक) डिजिलॉकरमधून निघतो तो आधारवरच्या नावाने. कॉलेजच्या नोंदीत दुसरं नाव असेल तर निकाल लागूनही क्रेडिट खात्यात दिसत नाहीत. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद अर्जासोबतच जोडायला सांगून तुम्ही ते प्रवेशाच्या दिवशीच मार्गी लावलंत.

आणखी एक. बदली झाली किंवा घरचं आजारपण निघालं तर काय, ही धास्ती प्रत्येकाच्या मनात असते. पहिल्या वर्षाचे क्रेडिट पूर्ण करून, वर चार क्रेडिटचा कौशल्याचा अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप केली की प्रमाणपत्र घेऊन थांबता येतं, तीन वर्षांच्या आत परतता येतं आणि पदवीसाठी एकूण सात वर्षांची मुदत असते, हे तुम्ही न विचारता सांगितलंत. ते ऐकून कितीजणांनी तिथल्या तिथे अर्जावर सही केली.

खिडकीची वेळ दुपारी संपायची, तरी पहिल्या पाळीवरून येणाऱ्यांसाठी तुम्ही थांबत होतात. त्याबद्दल मनापासून आभार.

दुसऱ्या सत्राचं वेळापत्रक फळ्यावर लागलं की शिफ्टचे तक्ते घेऊन पुन्हा येतो.

आपले,
प्रथम वर्ष कला शाखेतले नोकरदार विद्यार्थी